बारा आठवड्यांचा कोर्स आणि चार तासांची झोप

वस्तीतल्या आरोग्य शिबिरात डोकेदुखी, चक्कर, डोळ्यांची जळजळ सांगणाऱ्या मुली-बायका आल्या की आम्ही आता हमखास विचारतो, "ताई, मोबाईलवर कोणता कोर्स चालू आहे का?" बऱ्याच जणी हसतात. कोणी दवाखान्यात साफसफाईला, कोणी मॉलमध्ये काउंटरवर, कोणी चार घरची पोळीभाजी करणारी. रात्री भांडी आटोपली की मोबाईल घेऊन पोटमाळ्यावर. झोप चार तास.

शिकणे थांबवा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण नाव नोंदवण्याआधी तासांचा हिशेब मांडा. इग्नूच्या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास. चार क्रेडिटचा विषय १२० तासांचा. सहा महिन्यांत केला तर आठवड्याला पाच तासही पुरतात, बारा आठवड्यांत उरकायचा तर दहा लागतात. असे दोन विषय एकदम घेतले की रोजचे जवळपास तीन तास झाले. हे तीन तास येणार कुठून? आमच्या पाहण्यात ते बाईच्या झोपेतूनच येतात. नवऱ्याच्या किंवा भावाच्या वेळेतून आलेले क्वचितच पाहिले.

बढती अडली असेल तर घाईचा कोर्स जरूर करावा, पण एका वेळी एकच. आणि सवलती माहीत असू द्या. 'स्वयम्'वरच्या एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारांपैकी सर्वांत चांगल्या आठच असाइनमेंटचे गुण धरतात. बाळाला ताप आला आणि एक आठवडा हुकला, तर रडत बसायचे कारण नाही. इग्नूची तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. ही मुदत आपल्यासारख्या कष्टकऱ्यांसाठीच आहे, ती वापरण्यात कमीपणा कसला?

झोप सात तास हवी. वाचलेले डोक्यात पक्के होते ते झोपेतच, त्यामुळे जागून केलेला अभ्यास परीक्षेत दगा देतो. रात्रपाळी करून आलात तर आधी झोपा, मग पुस्तक. मोबाईलवर वाचताना दर वीस मिनिटांनी नजर उचलून वीस सेकंद लांब पाहा.

वाचता वाचता डुलकी लागते, जिना चढताना धाप लागते, अशा मुलीला आळशी म्हणू नका. तिचे रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले तर सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात दाखवून लोहाच्या गोळ्या सुरू करा. गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालेल.

कोणी म्हणेल, बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत. जयंतीला आपणही विहारात १८ तास अभ्यास करतो, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण तो एका दिवसाचा उपक्रम आहे. आठ तास कामावर उभी राहून, घरी येऊन चूल सांभाळणाऱ्या बाईकडून तो रोज मागू नये.

विहार मात्र रोज मागावे. रात्री आठ ते दहा दिवा, पंखा आणि शांतता मिळाली तर पोटमाळ्यावरचे जागरण सुटेल. आणि त्या दोन तासांत घरी पाणी कोण भरणार, पोरांना कोण जेवू घालणार, हे फॉर्म भरायच्या आधीच सगळ्यांसमोर ठरवून घ्या.