तिथीची पाऊणपट

कोकण किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब चालतो. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या तासाच्या आसपास समुद्र भरलेला असतो. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. गुहागर तालुक्यातल्या हेदवीला हा हिशेब फारच नेमका लागू पडतो, कारण दशभुज लक्ष्मीगणेशाच्या देवळात गर्दी होते ती चतुर्थीला. दहा हातांच्या, पांढऱ्या पाषाणाच्या त्या मूर्तीचे दर्शन, मग प्रसाद, मग परतीची गाडी. आणि लोक गाडीत बसत असतात नेमक्या त्याच वेळी खाली समुद्रकाठी बामणघळ जागी होत असते.

उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात ही घळ आहे. कोकणचा हा कातळ लाव्हा थंड होऊन बनलेला. थंड होताना त्याला चिरा पडल्या. त्यातलीच एक चीर लाटांनी हजारो वर्षे कोरत नेली. तोंडाशी आलेली लाट आत शिरते, जागा अरुंद होत जाते, मागची लाट ढकलत राहते, कोंडलेली हवा दाबली जाते आणि पाण्याला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. मग वीस-वीस फुटांचा पांढरा स्तंभ उभा राहतो. आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना. या घळीत कुणी ब्राह्मण पडला म्हणून हे नाव, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, शेवाळलेल्या कातळावर काठापासून लांबच उभे राहावे. ओहोटीला गेलेल्या माणसाला मात्र एक भेग तेवढी दिसते.

अर्थात हा झरा नव्हे. हे समुद्राचे पाणी. पण कातळातून उसळणारे पाणी बघायला माणसे किती लांब जातात याचे मोठे उदाहरण चीनमध्ये आहे. शान्तुंग प्रांताची राजधानी जिनान ही झऱ्यांची नगरी. तिथला बाओतू झरा तर नावातच उसळी घेऊन आला आहे. तळ्याच्या मधोमध पाण्याचे तीन उमाळे शेजारी शेजारी वर येतात. पाणी बारा महिने सुमारे १८ अंश सेल्सिअस, त्यामुळे थंडीत तळ्यावर वाफेचा पातळ थर तरंगतो. अठराव्या शतकातल्या छ्येनलुंग बादशहाने याला जगातला पहिला झरा म्हटले, असे तिथे सांगतात. बाराव्या शतकातली थोर कवयित्री ली छिंगचाव मूळची इथलीच. तिचे स्मारक याच उद्यानात आहे.

बाओतूचे पाणी मात्र बाओतूचे नाही. शहराच्या दक्षिणेला चुनखडीचे डोंगर आहेत. तिथला पाऊस भेगांतून मुरतो, उतरत्या थरांमधून उत्तरेकडे सरकतो आणि शहराखाली अभेद्य अग्निजन्य खडकाला अडून वर येतो. शहर वाढले, विहिरींचा उपसा वाढला, आणि १९७० च्या दशकापासून झरा अधूनमधून आटू लागला. १९९९ मध्ये तो थांबला तो दोन वर्षांहून अधिक काळ. लोक येत होते आणि कोरडे तळे बघून जात होते. शेवटी विहिरी बंद केल्या, शहराला पिवळ्या नदीचे पाणी दिले, डोंगरपायथ्याच्या नद्यांत मुद्दाम पाणी सोडून ते मुरवले. मधे एकदा येऊन पुन्हा थांबलेले उमाळे ६ सप्टेंबर २००३ ला परतले. भूजलाची पातळी आता शहरात रोज जाहीर होते.

रत्नागिरी जिल्ह्यालाही असा नामवंत झरा आहे. हेदवीहून तवसाळला जावे, फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडावी आणि रत्नागिरीवरून राजापूर गाठावे. जवळच उन्हाळे गावाच्या डोंगरावर वडाच्या मुळाशी गंगा प्रकटते. मूळ गंगा आणि काशीकुंड धरून चौदा कुंडे आहेत. मोरोपंतांनी या तीर्थावर काव्य रचले आहे. गंगा साधारण तीन वर्षांनी येते, काही आठवडे वाहते आणि जाते, असा जुना अनुभव; अलीकडे हा नेम मोडला आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती आली तेव्हा स्नानाला कुणी जाऊ शकले नाही. भूशास्त्रात याचे एक स्पष्टीकरण वक्रनलिकेचे दिले जाते: डोंगराच्या पोटातली पोकळी हळूहळू भरते, पाणी वाकड्या वाटेच्या माथ्यावर चढले की सगळेच ओढले जाते आणि पुन्हा भरेपर्यंत स्वस्थता.

खरी कळकळीची गोष्ट मात्र याहून लहान झऱ्यांची आहे, ज्यांना ना बादशहा भेटला ना कवी. कोकणात गावाच्या डोक्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माळ, असतो. लोक त्याला ओसाड म्हणतात, सरकारी कागदही बहुधा पडीकच म्हणतो. पण जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून उतरते, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याने बाहेर पडते. पाटाने, पन्हळीने तेच आगरात येते. पोफळी त्यावर जगतात, वाडी त्यावर जगते. जिनानला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांवर. तरी मे महिन्यात टँकर लागतात ते इथल्या वाड्यांना. सड्यावर चिरेखाण खोल गेली किंवा झऱ्याच्या वरच्या अंगाला बोअर मारली, की खालच्या पाटाला ते लवकरच कळते. जिनानने झऱ्याचे दुखणे डोंगरात शोधले. कोकणातही ते सड्यावरच शोधायला हवे, आणि पडीक हा शब्द आधी खोडायला हवा.

चतुर्थीच्या दुपारी तीनची भरती साडेचार-पाचपर्यंत उतरू लागते. स्तंभ बुटका होतो, मग नुसते शिंतोडे, मग घळीतला घुमणारा आवाज तेवढा राहतो. अंधार पडायला अजून अवकाश असतो. घळ बघून झालेल्याने तेवढ्या वेळात गावामागची चढण चढावी. वर सडा लागतो, आणि पावसाळा नुकताच सरला असेल तर त्याच्या खळग्यांतून साठलेले पाणी अजून खाली झिरपत असते.