आजोबा कोणत्या खात्यात होते?

आपल्या घरोघरी पत्र्याच्या जुन्या ट्रंकेत काही वस्तू जपून ठेवलेल्या असतात. आजोबांचा गिरणीचा बिल्ला, हजेरीचे कार्ड, पगाराची जीर्ण पावती. नातवंडांनी विचारले, की आपण एवढेच सांगतो, "आजोबा गिरणीत होते." पण कोणत्या खात्यात होते आणि तेच खाते त्यांच्या वाट्याला का आले, हे आपण सांगत नाही. कारण पुष्कळदा ते आपल्यालाही ठाऊक नसते.

आज जी हकीकत सांगायची आहे, ती आपल्या देशातली नाही. अमेरिकेतल्या एका बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची आणि तिथे राबलेल्या काळ्या कामगारांच्या कुटुंबांची ती आहे. परंतु वाचता वाचता ती आपल्याच चाळीतली वाटू लागेल.

मेरीलँड राज्यात बाल्टिमोर शहराजवळ स्पॅरोज पॉइंट नावाचे एक भूशिर आहे. १८८७ साली पेनसिल्व्हानिया स्टील कंपनीने तिथली जमीन घेतली आणि भट्ट्या उभ्या केल्या. १९१६ साली हा कारखाना बेथलेहेम स्टील कंपनीकडे गेला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे तीस हजार माणसे काम करीत होती आणि जगातला सर्वांत मोठा पोलाद कारखाना म्हणून त्याचा लौकिक होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध गोल्डन गेट पुलालाही इथले पोलाद लागले.

कारखान्याशेजारी कंपनीने कामगारांसाठी गाव वसविले. रस्त्यांना नावे नव्हती, इंग्रजी अक्षरे होती. 'बी' आणि 'सी' रस्त्यांवर साहेब लोकांचे बंगले. त्यापुढच्या रस्त्यांवर गोरे मुकादम आणि कुशल कारागीर. आणि खाडी ओलांडून पलीकडे 'आय', 'जे' आणि 'के' रस्ते. तिथे काळ्या कामगारांची घरे. त्यांच्या मुलांची शाळाही वेगळी. माणूस कोण आहे हे त्याच्या पत्त्यावरून कळत होते. गावकुसाबाहेरची वस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

जी गोष्ट घरांची, तीच कामाची. दगडी कोळसा भाजून कोक तयार करण्याच्या भट्ट्या म्हणजे कारखान्यातले सर्वांत जीवघेणे खाते. भट्टीचा माथा इतका तापे, की पायातल्या जोड्याखाली लाकडी तळ बांधून चालावे लागे. धूर आणि वायू छातीत जात. या खात्यात बहुसंख्येने काळे कामगार होते. यंत्रावरची, चांगल्या पगाराची, हाताला हुन्नर देणारी कामे मात्र गोऱ्यांकडे.

मुंबईच्या गिरण्यांत तरी दुसरे काय होते? धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. म्हणून स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्यांनी अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात येऊ दिले नाही, आणि पगार जास्त होता तो नेमका साचेखात्यातच. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला होता. समुद्र वेगळे, रंग वेगळा. पण कुलूप एकाच जातीचे!

एवढे असूनही माणसे स्पॅरोज पॉइंटला येतच राहिली, कारण गावाकडची स्थिती याहून वाईट होती. असेच एक जोडपे डेव्हिड आणि हेन्रिएटा लॅक्स यांचे. व्हर्जिनिया राज्यातील क्लोव्हर गावी तंबाखूच्या शेतात दोघे लहानपणापासून राबले होते. नात्यातला एक भाऊ आधीच पोलाद कारखान्यात लागला होता. त्याच्या सांगण्यावरून १९४१ साली डेव्हिड निघाला आणि मागोमाग हेन्रिएटा मुलांना घेऊन आली. आपले आजे-पणजे गाववाल्याचा पत्ता खिशात घालून मुंबईला आले, तसेच हे. कारखान्याजवळच्या टर्नर स्टेशन या काळ्या लोकांच्या वस्तीत त्यांचा संसार उभा राहिला.

१९५१ साली हेन्रिएटा गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने वारली. वय अवघे एकतीस, मागे पाच मुले. उपचाराच्या वेळी डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता काढून घेतला. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. 'हेला' या नावाने त्या जगभर गेल्या आणि पोलिओच्या लशीच्या चाचणीलाही उपयोगी पडल्या. घरच्यांना याचा पत्ता लागला तो १९७३ साली! जगाला तिच्या पेशी ठाऊक होत्या. तिच्या मुलीला, डेबोराला, आई कशी होती हे ठाऊक नव्हते. पुढे तिने लेखिका रिबेका स्क्लूट यांच्यासह वर्षानुवर्षे आईचा शोध घेतला. २०१० साली पुस्तक निघाले, पण त्याच्या आदल्या वर्षी डेबोरा वारली होती.

आता कारखान्याचे पुढे काय झाले ते पाहू. तिथे सेवाज्येष्ठता खात्यापुरतीच मोजली जाई. कोक भट्टीवर वीस वर्षे काढलेला माणूस चांगल्या खात्यात गेला, की त्याची ज्येष्ठता शून्यावर येई आणि कपातीत पहिला बळी त्याचाच. मग कोण हलणार? कामगारांनी तक्रारी केल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १९७४ साली सरकार, नऊ पोलाद कंपन्या आणि युनियन यांच्यात कोर्टामार्फत तडजोड झाली आणि ज्येष्ठता साऱ्या कारखान्याची मिळून धरण्याचे ठरले. दार उघडले खरे, पण लवकरच पोलादाच्या धंद्याला उतरती कळा लागली. त्याच सुमारास नव्या भट्टीसाठी ते अक्षरांच्या रस्त्यांचे गावही पाडण्यात आले.

२००१ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २००३ साली निवृत्त कामगारांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा आरोग्यविमा बंद झाला. ज्या वयात छातीचा खोकला औषध मागतो, त्याच वयात! त्यानंतर अनेक मालक आले नि गेले. काही काळ मूळचे भारतीय लक्ष्मी मित्तल यांच्याकडेही हा कारखाना होता. २०१२ साली तो कायमचा बंद झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये शेवटची मोठी भट्टी सुरुंग लावून पाडली. आज त्या जागेवर गोदामे आहेत. तिथून जाणाऱ्या नव्या माणसाला 'जे' रस्ता कुठे होता हे कळायला मार्ग नाही.

मात्र त्या कुटुंबांनी एक शहाणपण केले. म्हाताऱ्या कामगारांनी आपल्या आठवणी सांगितल्या, त्या लिहून आणि ध्वनिमुद्रित करून ठेवण्यात आल्या. म्हणूनच आज आपल्याला लाकडी तळाचे जोडे ठाऊक आहेत, आणि भट्टीची लाल धूळ उडाली की वाळत घातलेले कपडे घरात आणणाऱ्या बायकाही ठाऊक आहेत. किती टन पोलाद निघाले, हे कंपनीच्या वह्यांत सापडते. कोणाची छाती जळाली, हे त्यात सापडत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, १९८२ च्या संपानंतर आपल्या गिरण्याही गेल्या. त्या जागी टॉवर उभे राहिले. चिमणी पडली, तरी घरात एखादे ऐंशीच्या घरातले माणूस अजून बसले आहे. या रविवारी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. गाव कोणत्या साली सोडले? कोणी आणले? कोणते खाते मिळाले, कोणते मिळाले नाही? पाणी कुठे प्यायचे? आणि आजीलाही विचारा, पगारातले किती हातात पडायचे आणि त्यात मुलांची शाळा कशी केली?

उत्तरे मुलांच्या हाताने लिहून घ्या. वरती तारीख घाला. आणि ती वही त्याच ट्रंकेत, त्या बिल्ल्याशेजारी ठेवा.