सावत्र आईने सातबाऱ्यावर स्वतःचंच नाव लावलं, तर पहिल्या बायकोच्या मुलांचा हक्क जातो का? वाचा सविस्तर

वडील गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. काही महिन्यांनी थोरल्या मुलाने मोबाईलवर सातबारा काढला, तर त्यावर वारस म्हणून सावत्र आई आणि तिचा मुलगा, एवढीच दोन नावं. पहिल्या बायकोच्या मुलांचा पत्ताच नाही! गावोगावी असे प्रकार होतात. नाव गेलं म्हणजे जमीन गेली, असं समजून बरेच जण गप्प बसतात. तसं नाही.

सातबारा हा महसुली कागद आहे. त्यावर नाव असलं म्हणून मालकी मिळत नाही, नाव नसलं म्हणून जातही नाही. हक्क ठरतो तो वारसा कायद्याने.

हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना 1956 चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. (मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.) समजा, वडिलांनी स्वतः घेतलेली 10 एकर जमीन आहे आणि मृत्युपत्र केलेलं नाही. मागे पहिल्या बायकोचे मुलगा-मुलगी, दुसरी बायको, तिचा मुलगा आणि वडिलांची आई, म्हणजे आजी. पाच जणांना प्रत्येकी 2 एकर. लग्न झालेल्या मुलीचाही वाटा तेवढाच. आजीचं नाव तर हमखास विसरलं जातं. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब बदलतो. मुला-मुलींचा त्यात जन्मापासूनच हिस्सा असतो, आणि वडील मृत्युपत्र करून फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. स्वकष्टाची जमीन मात्र ते हवी त्याला देऊ शकतात.

वडिलांचं मृत्युपत्र सावत्र आईला त्यांच्या माघारी बदलता येत नाही. तिच्या वाट्याला आलेले 2 एकर मात्र पूर्ण तिचेच. ते तिने स्वतःच्या मुलाला लिहून दिले तर सावत्र मुलांना भांडता येणार नाही, हेही स्पष्ट समजून घ्यावं.

काही घरांत शेत किंवा दुकान खासगी ट्रस्टमध्ये टाकलेलं असतं. तिथे सावत्र आई विश्वस्त झाली तरी मालक होत नाही. दस्तात लिहिलेले लाभार्थी तिला स्वतःच्या मर्जीने काढता येत नाहीत. लाभार्थी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने संमती मुख्य दिवाणी न्यायालयच देऊ शकतं. म्हणून ट्रस्टच्या दस्ताची नक्कल आधी हातात घ्यावी.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती लहान मुलांची. कायद्याने सावत्र आई ही नैसर्गिक पालकच नाही. त्यामुळे 'अज्ञान पालनकर्ती' म्हणून सही करून ती मुलाचा हिस्सा विकू शकत नाही. खरेदी घेणाऱ्यानेही हे बघायला हवं, नाहीतर पैसे अडकतात.

मग करायचं काय? वारस नोंदीचा अर्ज झाला की फेरफार तयार होतो आणि हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते. ती 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून मोबाईलवरही दिसते. नाव वगळलेलं दिसलं की तलाठ्याकडे लेखी हरकत द्यायची. सोबत मृत्यू दाखला आणि वडिलांचं नाव असलेला शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला जोडायचा. पोहोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघायचं नाही. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

नोंद आधीच मंजूर झाली असेल तर प्रांताकडे अपील करता येतं. त्याची मुदत 60 दिवस. उशीर झाला असेल तर कारण देऊन विलंब माफीचा अर्ज सोबत लावावा. पण प्रांत फक्त नोंद दुरुस्त करतात, वाटणीचं भांडण मिटवत नाहीत. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो. समोरचे जमीन विकायच्या तयारीत असतील तर दाव्यासोबतच मनाई हुकूम मागावा. वकील खर्चाचा प्रश्न असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.