सुपारी येईपर्यंत

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. संध्याकाळी वारा पडला, तेव्हा आमच्या वाडीत उभं राहिलं की वर आकाश दिसत होतं. किनाऱ्यावरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. नारळी-पोफळीच्या वाडीत मान वर केली तर झावळ्या दिसायला हव्यात.

आवराआवर झाल्यावर मी अम्माला म्हटलं, ''पोफळीची नवी रोपं लावू.'' ती तेव्हा पंचाहत्तरीची. म्हणाली, ''लाव की. पण पोफळ धरायला सहा-सात वर्षं. ती तुझ्या पोरांना. मला दिसेल असंही काहीतरी लाव.''

त्या एका वाक्यामुळे मी ड्रॅगनफ्रूटच्या नादी लागलो.

हे फळ आता बाजारात सर्वांनी पाहिलेलं आहे. गुलाबी साल, तिच्यावर हिरवट खवले, आत पांढरा किंवा लाल गर आणि तिळासारख्या काळ्या बिया. गुजरात सरकारनं जानेवारी २०२१मध्ये त्याचं नाव 'कमलम' ठेवलं. नाव कुठलंही घ्या, झाड निवडुंगाच्या कुळातलं. आपल्याकडे कुंपणाला असतो तो त्रिधारी निवडुंग आणि याचा वेल दिसायला सारखे. पण तो कुंपणावरचा मोडला की पांढरा चीक गळतो, याला चीक नाही. याची खरी भावंडं वेगळीच. घरोघरी कुंडीत असतं आणि रात्री फुललं की शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात, ते आपलं 'ब्रह्मकमळ' याच्या नात्यातलं.

निवडुंग म्हटलं की वाळवंट डोळ्यांसमोर येतं. हा मात्र मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांत झाडांवर चढणारा वेल. प्रत्येक पेऱ्यातून हवेत मुळं सोडतो आणि आधाराला घट्ट धरतो. पोफळीवर मिरी चढवणाऱ्यांना हे नवीन नाही. दिवसा पानांची तोंडं मिटून रात्री श्वास घेणारी झाडं असतात, त्यांतला हा एक; फरक इतकाच की पानांचं काम याचे हिरवे खोडच करतं. म्हणून याला पाणी थोडं पुरतं. आपल्याकडे तो आधी रुजला तोही कमी पावसाच्या भागांत. सांगली जिल्ह्यातल्या तडसर गावची फळं जून २०२१मध्ये दुबईला गेली. बारामतीजवळ माळेगावला केंद्र सरकारची जी ताण व्यवस्थापन संस्था आहे, तिथे मुरमाड जमिनीत या पिकावर काम चालतं.

तिकडच्याच एका स्नेह्यांनी मला चार कांड्या दिल्या. पण त्यांच्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून जास्त आमच्याकडे एकट्या जुलैत पडतो. हा विचार मी केला नाही. प्लास्टिकच्या पिंपात भरपूर शेणखत घालून कांड्या लावल्या. पिंपाला बुडाशी भोक एकच, तेही बोटाएवढं. उन्हाळ्यात वेल तरारला. २०२१च्या जुलैत तो बुडाशी पिवळा पडला, मग मऊ झाला आणि एक दिवस हातात आला. वास असा की शेजारच्या काकांनी कुंपणापलीकडून विचारलं, ''काय कुजलं?''

तेव्हा पहिला धडा हा. या झाडाला तहानेनं मरताना मी पाहिलेलं नाही. मरतं ते मुळाशी साचलेल्या पाण्यानं. गच्चीवर लावायचं तर चाळीस-पन्नास लिटरचं पिंप घ्या, बुडाला आठ-दहा भोकं पाडा, ते दोन विटांवर उचलून ठेवा. तळाला चिऱ्याचे तुकडे, त्यावर माती, जाडी रेती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समसमान. रेती नदीची हवी. समुद्राच्या वाळूत मीठ असतं. जमिनीत लावायचं तर हातभर उंच वरंबा करा. उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा पाणी पुरे. पावसाळ्यात झारी उचलून ठेवायची.

लागवड पावसाळा सरताना करावी, म्हणजे पुढच्या पावसाआधी मुळं धरतात. वीतभर किंवा थोडी मोठी, जून कांडी घ्या. कापल्यावर पाच-सहा दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मगच लावा. वरचं टोक वरच राहिलं पाहिजे आणि दोन बोटांपेक्षा खोल पुरायची नाही.

आधाराचा धडा मी दुसऱ्या खेपेला शिकलो. वादळात पडलेल्या पोफळीचं खोड पुरून त्यावर वेल चढवला. मनात भावना होती, पण वाळवीला भावनेशी देणंघेणं नसतं. हा वेल वीसेक वर्षं जगतो आणि त्याचा भार मोठा होतो. सहा फुटी सिमेंटचा खांब, डोक्यावर जुना टायर किंवा गोल कडी, हाच आधार खरा. मी वेळीच शेजारी खांब पुरून वेल तिकडे वळवला. कडीपर्यंत एकच खोड सरळ चढवायचं, बाजूचे फुटवे काढत राहायचे. कडीवरून बाहेर आलं की शेंडा खुडायचा. मग फांद्या फुटून खाली लोंबतात, आणि फूल त्या लोंबत्या फांद्यांना येतं.

ऊन भरपूर हवं. तरी एप्रिल-मेच्या उन्हात खोड पिवळं पडून भाजतं, तेव्हा हिरवी जाळी बांधावी. पावसात खोडावर तांबूस ठिपके किंवा कूज दिसली, तर स्वच्छ सुरीनं निरोगी हिरव्या भागापर्यंत कापून टाकायचं. कापल्या जागी मी बोर्डो पेस्ट लावतो. पोफळीच्या कोळेरोगामुळे मोरचूद आणि चुना वाडीवाल्यांच्या घरात असतोच.

२०२३च्या जूनमध्ये पहिली कळी आली. फूल वीतभराहून लांब, पांढरं, अंधार पडल्यावर उमलतं आणि सकाळच्या उन्हात मिटतं. मूळ देशात वटवाघळं आणि मोठे पतंग परागकण नेतात. आपल्याकडे पहाटे मधमाश्या येतात, पण पावसाच्या रात्री त्यांचा भरवसा नाही. पांढऱ्या गराच्या जातींना बहुधा आपलेच पराग चालतात. लाल गराच्या बऱ्याच जातींना दुसऱ्या जातीच्या वेलाचे लागतात. ते काम माणसानं केलं तर फळ धरतं आणि मोठं होतं. रात्री नऊ-दहाच्या सुमारास मऊ ब्रशनं पिवळे पराग उचलायचे आणि मधल्या चांदणीसारख्या टोकाला लावायचे.

माझं पहिलं फूल पावसात भिजून गळालं. पुढच्या बहराला मी सावध होतो. इशाची नमाज झाल्यावर अम्मा म्हणाली, ''मी पण येते.'' पाऊस भुरभुरत होता. माझ्या हातात ब्रश, तिच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फुलावर धरलेली छत्री. ती स्वतः भिजत होती.

फूल उमलल्यापासून साधारण महिन्याभरात फळ तयार होतं. हे फळ तोडल्यावर पिकत नाही. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. म्हणून लांबच्या बाजारासाठी लवकर काढलेलं फळ फिकं लागतं. घरच्या झाडावर पूर्ण रंग आल्यावर तीन-चार दिवस थांबता येतं, ही घरी लावण्याची खरी कमाई. फक्त फळावर जाळीची पिशवी बांधा, नाहीतर बुलबुल तुमच्याआधी चव पाहतात.

अम्मानं पहिली फोड खाल्ली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''कलिंगडाचा लांबचा भाऊ दिसतो. बरा आहे.'' आणि लगेच विचारलं, ''पोफळींना पाणी घातलंस का?''

पोफळीची रोपं आम्ही त्याच वर्षी लावली होती. ती आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. वाडीची जागा हा वेल घेणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण ज्याच्या घरी लांबची वाट पाहणं चालू आहे, त्यानं एक खांब पुरून ही कांडी जरूर लावावी.