न विचारलेला पासवर्ड

२३ आणि २४ जून २०२१ या दोन दिवसांत जगभरातल्या अनेक घरांमधली आणि छोट्या कचेऱ्यांमधली साठवण रिकामी झाली. 'वेस्टर्न डिजिटल'ची 'माय बुक लाइव्ह' ही पुस्तकाएवढी डबी राउटरला जोडून ठेवायची, म्हणजे घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून तिच्यातले फोटो आणि कागदपत्रं उघडता येतात. एका मालकाची २ टेराबाइटची डिस्क जवळजवळ भरलेली होती. आता फोल्डर जागच्या जागी होते, पण आत काही नव्हतं, आणि डिस्क पूर्ण मोकळी दिसत होती. यंत्राच्या नोंदींमध्ये 'फॅक्टरी रिस्टोअर' सुरू झाल्याची ओळ होती. म्हणजे सगळं पुसून यंत्र नव्यासारखं करण्याचा आदेश कुणीतरी बाहेरून दिला होता आणि यंत्राने तो निमूट पाळला होता. पासवर्ड कुणी फोडला नव्हता. यंत्राने तो विचारलाच नाही.

हे कसं घडलं, ते त्या डबीतल्या प्रोग्रॅममध्ये डोळ्यांनी दिसतं. पुसण्याच्या आदेशाच्या सुरुवातीला पाच ओळी आहेत. त्यांचा अर्थ इतकाच: समोरचा मालक असल्याची खात्री पटली नाही, तर '४०१ अनधिकृत' असं उत्तर दे आणि तिथेच थांब. या पाचही ओळींच्या आधी दोन-दोन तिरप्या रेघा आहेत. अशा रेघा मारलेली ओळ प्रोग्रॅम वाचत नाही, सोडून देतो. कंपनीच्या खुलाशानुसार हे एप्रिल २०११ मध्ये झालं. जागोजागी विखुरलेल्या तपासण्या एका फाइलमध्ये आणायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी जुन्या ओळी बंद केल्या ते बरोबरच होतं. मात्र पुसण्याच्या आदेशाला कोणती परवानगी लागते, ही नोंद नव्या फाइलमध्ये करायची राहून गेली. माझा खरा आक्षेप इथून पुढे सुरू होतो. नोंद राहणं ही माणसाची चूक आहे आणि ती होतच राहणार. पण नोंद नसेल तर काय करायचं, याचं यंत्राचं उत्तर 'कुणीही या' असं का असावं? ते 'कुणालाही नाही' असंच असायला हवं. सातबारा कुणालाही पाहता येतो, पण फेरफारावर मंडळ अधिकाऱ्याची सही राहिली म्हणून तो मंजूर झाला असं कुणी धरत नाही. तो तसाच अडकून राहतो.

यावर कुणी म्हणेल, की अशाने खुद्द मालकच अडेल. अडू दे. मालकाला स्वतःचं यंत्र रीसेट करता आलं नाही, तर पहिल्याच आठवड्यात तक्रारी येतील आणि दुरुस्तीही होईल. उलट दार सताड उघडं राहिलं, तर तक्रार करायला कुणाकडे कारणच नसतं. चाचणी करणारा मालक म्हणून आत येतो, बटण दाबतो, रीसेट होतं, तो 'ठीक' अशी खूण करतो. परक्या माणसाने तेच करून पाहिलं तर काय होईल, हे मुद्दाम तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून ही चूक दहा वर्षं मुकाट पडून राहिली.

दुसरा बचाव यंत्राच्या वयाचा. २०१५ नंतर या डबीसाठी अपडेट निघाले नव्हते, आणि तिच्यातला आणखी एक गंभीर दोष २०१८ मध्ये समोर आला होता; मग लोकांनी ती वापरलीच का? पण परवानगीची ही चूक २०११ ची, म्हणजे अपडेट सुरू होते तेव्हाची. शिवाय डिस्क चालते आहे तोवर लोक ती वापरणारच, लग्नाचे फोटो काही पाच वर्षांनी बाद होत नाहीत. यंत्र इंटरनेटवर उघडं ठेवलं हा मालकाचा दोष, हेही मला अर्धंच पटतं. काहींनी राउटरचं पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) स्वतः उघडलं होतं, हे खरं. पण 'यूपीएनपी' नावाच्या सोयीमुळे यंत्र राउटरकडून ते परस्पर उघडून घेऊ शकतं, मालकाला पत्ताही लागत नाही.

आणि हे एकाच कंपनीचं दुखणं नाही. २०२१ च्याच एप्रिलमध्ये 'क्यूनॅप'च्या अशाच यंत्रांवर 'क्यूलॉकर' हा हल्ला झाला, तो 'हायब्रिड बॅकअप सिंक' या प्रोग्रॅममधल्या अधिकार-तपासणीच्या दोषातून. प्रती जपण्यासाठी बसवलेला प्रोग्रॅमच चोरवाट ठरला. हल्लेखोरांनी फायली 'सेव्हन-झिप'मध्ये पासवर्ड घालून बंद केल्या आणि सोडवणुकीसाठी ०.०१ बिटकॉइन मागितले. अशा वेळी मालकाला तारते ती राउटरला न जोडलेली, कपाटात ठेवलेली दुसरी डिस्क. 'माय बुक लाइव्ह'च्या पीडितांसाठी कंपनीने नंतर डेटा परत मिळवून देण्याची सेवा जाहीर केली. त्याआधी मालकांना तिने तातडीने सांगितलं होतं, की यंत्र इंटरनेटपासून तोडा.