दोन दात कमी

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात अस्वलापाशी एका मुलाने विचारलं, "बाबा, हे काय खातं?" "मध," बाबा म्हणाले आणि वाघाकडे निघाले. मलाही तेवढंच ठाऊक होतं. घरी येऊन ओळखीतल्या एका संशोधक मुलीला फोन केला. "रविवारी या काका," ती म्हणाली, "पण जेवून येऊ नका."

कोथरूडमधल्या तिच्या गच्चीवर बादल्या, चाळण्या आणि आकडे घातलेल्या कागदी पिशव्या. पिशव्यांत अस्वलांची वाळलेली विष्ठा. मेळघाटातली, गाविलगडच्या डोंगरांतली, रीतसर परवानगीने आणलेली. ती भिजवायची, चाळणीत धुवायची, उरेल ते वाळवून चिमट्याने निवडायचं. तांदूळ निवडावेत तशी ती तासन्‌तास मान खाली घालून बसते.

नाक दाबायच्या तयारीने गेलो होतो. पण वास घाणीचा नव्हताच. पहिल्या पावसात जांभळीखाली पडलेला सडा आंबतो ना, तसा. किंचित गोडच.

पिशवी ज्येष्ठातली होती. जांभळाच्या बिया, टेंभुर्णीच्या चपट्या बिया, बहाव्याच्या चकचकीत तपकिरी. बहावा फुलला की आपण पुणेकर फोटो काढून मोकळे होतो. त्याच्या हातभर शेंगेतला काळा चिकट गर अस्वलाच्या वाट्याचा. तळाशी मोहरीहून बारीक असं काहीतरी होतं. भिंगातून पाहिलं तर वाळवीची डोकी! मध पचून जातो, त्याची खूण म्हणजे मधमाशीचे पंख. ते निघाले दोन.

"चाळीस दात," ती म्हणाली. इतर अस्वलांना बेचाळीस असतात. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन नसतात. नख्यांनी वारूळ फोडायचं, फुंकून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि दातांमधल्या त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. या ओढण्याचा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. 1791 साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने लांब नख्या नि हे नसलेले दात पाहून त्याला थेट झाडावर लोंबकळणाऱ्या स्लॉथच्या गोतात बसवलं. चूक पुढे सुधारली, पण इंग्रजी नावातला 'स्लॉथ' तसाच राहिला. चाळीस दातांचा घोटाळा!

तिकडे मेळघाटात चैत्रात मोह रात्री गळतो. पहाटे कोरकू बाया टोपल्या घेऊन निघतात, आणि त्याच झाडाखाली अस्वल वेचत असतं. टेंभुर्णी, चारोळी, सगळं दोघांनाही हवं. बातमीत मात्र 'अस्वलाचा हल्ला' एवढंच येतं. जखमी बाईचं दुखणं खोटं नाही; चेहरा फाटतो, डोळा जातो. पण त्या बादल्यांपाशी बसल्यावर 'हिंस्र' हा शब्द मला तरी लिहवत नाही. दोघंही पोटासाठीच वेचायला आलेली.

दुसऱ्या दिवशी मंडईत जांभळांच्या पाटीपाशी तोच वास आला. पाव किलो घेतली.

पुढची पिशवी आषाढातली आहे. तिच्यात बिया थोड्याच निघतील, असं ती म्हणते. मुंग्या-वाळवीची डोकी मात्र मोजून हात दुखतील.