दोन कार्बनांची हुंडी

शिरक्याच्या अंगी जो आंबट चटका असतो तो ज्या ॲसिटिक अम्लामुळे येतो, ते अम्ल रसायनशास्त्राच्या दप्तरात अगदी सामान्य असामी म्हणून नोंदलेले आहे. दोन कार्बन, दोन ऑक्सिजन आणि चार हायड्रोजन एवढीच त्याची मालमत्ता. दुधावरची साय, पित्तातील क्षार, स्त्रीत्व आणि पुरुषत्व घडविणारी संप्रेरके, रबराच्या झाडाचा चीक, इतकेच काय पण हळदीच्या पिवळ्या द्रव्यातील एकवीस कार्बनांपैकी नेमका मधला एक, हे सारे या दोन कार्बनी तुकड्यातून आलेले असते. परंतु ॲसिटिक अम्लाला स्वतःची अशी पत पेशीत नाही. परमुलखात गेलेल्या वाटसरूच्या तोंडी शब्दावर पेढीवाला रक्कम देत नाही, मात्र नामांकित सावकाराची हुंडी पुढे करताच तिजोरी उघडते. त्याप्रमाणे हा तुकडा ज्या मोठ्या रेणूच्या सहीनिशी आल्यावर पेशीतील प्रत्येक कारखान्यात स्वीकारला जातो, त्याचे नाव कोएन्झाइम ए, आणि सही झालेल्या हुंडीचे नाव ॲसिटिल कोएन्झाइम ए.

या सहीचा छडा लागला तो कबुतराच्या यकृतात. केनिग्जबर्ग येथे १८९९ साली जन्मलेले आणि नाझी राजवटीची छाया पसरत असता युरोप सोडून अमेरिकेस आलेले फ्रिट्झ लिपमन हे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील प्रयोगशाळेत, यकृताचा अर्क सल्फानिलमाइड या औषधाला ॲसिटिल गट, म्हणजे हाच दोन कार्बनी तुकडा, कसा चिकटवितो, हे पाहत होते. अर्क शिळा झाला की काम थंडावे, आणि ताज्या अवयवांचा उकळलेला काढा त्यात घालताच पुन्हा सुरू होई. उकळल्याने प्रथिनाची रचना बहुधा मोडते. तेव्हा जे उकळूनही तगले ते प्रथिन नव्हे, कोणतातरी लहान रेणू असला पाहिजे, हे उघड झाले. १९४७ पर्यंत त्या रेणूच्या पोटात पँटोथेनिक अम्ल, म्हणजे ‘ब’ गटातील एक जीवसत्त्व, असल्याचे सिद्ध झाले. जे जीवसत्त्व जवळजवळ प्रत्येक अन्नात सापडते म्हणून ‘सर्वत्र’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले, ते शरीरात नेमके कशाला लागते, या प्रश्नाचे उत्तर अशा आडवाटेने मिळाले. नावातील ‘ए’ हे अक्षर ॲसिटेटच्या सक्रियीकरणाची खूण आहे. १९५३ चे नोबेल पारितोषिक लिपमन यांना हान्स क्रेब्ज यांच्यासमवेत मिळाले.

तुकडा या रेणूला कोठे जोडलेला असतो हे मात्र म्यूनिकच्या फेओडोर लिनेन यांनी १९५१ साली यीस्टच्या पेशींतून तो पदार्थ वेगळा काढून दाखविले. जोड गंधकाशी होती. ऑक्सिजनशी बांधलेला ॲसिटिल गट स्वस्थ बसतो. गंधकाशी बांधलेला मात्र सतत उठण्याच्या तयारीत असतो, आणि त्याची दोन्ही टोके जागी होतात: एका टोकाने तो दुसऱ्या रेणूवर जाऊन बसू शकतो, दुसऱ्या टोकावर दुसऱ्याला घेऊ शकतो. बांधकामाच्या दगडात याहून अधिक गुण तो कोणता असावा? वजनाच्या हिशेबाने ॲसिटिल गट हा समग्र रेणूचा सुमारे एकोणिसावा भाग. बाकी सारा पसारा त्याला धरून ठेवण्यासाठी आणि ओळख पटविण्यासाठी. इतकी मोठी मूठ आणि तिच्यात इतका लहान दाणा, हे प्रमाण मला या रेणूविषयी आदर वाटण्याचे पहिले कारण आहे.

हा दाणा जळतोही आणि रचलाही जातो, आणि दोन्ही कामांची स्थळे पेशीने हद्दी आखून वेगळी ठेवली आहेत. साखर व मेद यांच्या विघटनातून तो तंतुकणिकांच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या, आत तयार होतो. तेथे क्रेब्ज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियांच्या चक्रात पडून त्याचे ज्वलन होते. मेदाचे बांधकाम मात्र बाहेर, पेशीद्रवात चालते, आणि ॲसिटिल कोएन्झाइम एला तंतुकणिकेचे आतले आवरण ओलांडण्याचा परवाना नाही. म्हणून तो वेष पालटून निघतो: ऑक्झॅलोॲसिटेटशी संयोग पावून सायट्रेट, म्हणजे लिंबाच्या आंबटपणाचाच पदार्थ, होतो, त्या रूपाने नाका ओलांडतो, आणि पलीकडे एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्ची घालून पुन्हा मूळ रूपात येतो. हा द्राविडी प्राणायाम निरर्थक नाही. पेशीत समृद्धी असली म्हणजेच सायट्रेट साचून बाहेर पडते; त्यामुळे बाहेर आलेला प्रत्येक तुकडा आत पुरेसे जळून झाल्याची वर्दी आपोआप देतो, आणि तेच सायट्रेट बांधकामाच्या पहिल्या एंझाइमला चालनाही देते.

त्या पहिल्या पायरीवर घडते ते याहून विलक्षण. सोळा कार्बनांचे पामिटिक अम्ल रचण्यास आठ तुकडे लागतात. त्यांपैकी सातांवर बायोटिन या जीवसत्त्वाच्या साहाय्याने आणि सात एटीपी खर्चून कार्बन डायऑक्साइडचा एकेक रेणू आधी चढविला जातो, आणि जोडणीच्या क्षणी तो लगेच उतरविला जातो. अखेरच्या मेदाम्लात त्या कार्बनाचा लवलेशही उरत नाही. मग चढविलाच कशाला? तो निघून जाताना जी शक्ती मोकळी होते तीच जोडणी पुढे ढकलते, मागे फिरू देत नाही. घाटात गाडीला जोडलेला जादा बैल माथ्यावर सोडून द्यावा तसा तो येतो आणि जातो.

आपल्या गोठ्यातील म्हैस हे बांधकाम निराळ्या मालावर करते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजंतू कडब्याचे तंतू आंबवून ॲसिटेट तयार करतात, ते रक्तातून कासेत पोहोचते, तेथे त्यावर कोएन्झाइम एची सही होते, आणि दुधातील मेदाम्लांचा मोठा हिस्सा त्यातून रचला जातो. ज्या कडब्यातून माणसाच्या पोटाला काही मिळत नाही, त्याचे लोणी होण्याची वाट अशी शिरक्याच्या दारावरून जाते.

पित्तातील क्षार व ती संप्रेरके ज्यातून घडतात त्या कोलेस्टेरॉलची कथा कॉन्राड ब्लॉख यांची. जर्मनीतून परागंदा झालेल्या या तरुणाने १९४२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड रिटनबर्ग यांच्यासह, जड हायड्रोजनाची खूण केलेले ॲसिटेट प्राण्यांना दिले, आणि ती खूण कोलेस्टेरॉलमध्ये उमटलेली पाहिली. पुढे कित्येक वर्षांच्या चिकाटीने उलगडा झाला की त्याच्या सत्तावीसही कार्बनांचे मूळ ॲसिटेटच. पंधरा एका टोकाचे, बारा दुसऱ्या टोकाचे. ब्लॉख व लिनेन यांना १९६४ साली एकत्र नोबेल मिळाले. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन औषधांचा आघात होतो तो याच वाटेवरील एका एंझाइमवर.

एक वाट मात्र माणसाला बंद आहे. साखरेपासून ॲसिटिल कोएन्झाइम ए होते, पण त्यापासून पुन्हा साखर बनविता येत नाही. क्रेब्ज चक्रात शिरलेल्या दोन कार्बनांच्या बदल्यात दोन कार्बन धुराप्रमाणे बाहेर पडतात, शिल्लक काही राहत नाही. उपाशी माणसाच्या अंगावरच्या चरबीतील मेदाम्ले म्हणून त्याच्या मेंदूला साखर देऊ शकत नाहीत, फार तर कीटोनांच्या रूपाने पर्याय देतात. एरंडाच्या बीला ही अडचण नाही. धूर निघण्याच्या दोन्ही पायऱ्या टाळणारे ग्लायॉक्सिलेट चक्र, जे १९५७ साली उघडकीस आले, ते तिच्यापाशी आहे. म्हणून पहिल्या पावसानंतर मातीखालच्या अंधारात, पान फुटण्याआधी, सूर्यप्रकाशाचा एक किरणही न घेता, ती आपल्या तेलाची साखर करते आणि त्या साखरेवर कोंब वर ढकलते.